अर्धी क्रेन

मित्रांनो, मी एक जुना जोडणीचा खेळ आहे. लाल-हिरव्या लोखंडी पट्ट्या, चार चाकं, दोरा गुंडाळायची एक कप्पी आणि मूठभर पितळी नटबोल्ट, एवढाच माझा देह. पट्टीला ओळीने भोकं कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारखान्यात मलाही पडला होता. यंत्राने इतकी भोकं पाडली, की मला वाटलं, मी वाया गेलो.

भोकांचा उपयोग मला समाधानने दाखवला. टेलिफोन खात्यात नोकरी, गोडदेवला चाळीत एक खोली. मुलीच्या, संघप्रियाच्या वाढदिवसाला तो मला घेऊन आला, तेव्हा त्याची आत्या म्हणाली, "अरे, पोरीच्या हातात पाना देतोस? भातुकली कोण खेळणार?"

"भातुकलीतली शेगडी ती स्वतः बनवेल ना, आत्या."

शेगडी काही झाली नाही. पण संघप्रियाने माझी मोटार केली, पूल केला, पाळणा केला. प्रत्येक वेळी मला नवल वाटायचं, की मी हेही होऊ शकतो?

पुढे कुटुंब शांती नगरच्या फ्लॅटमध्ये आलं आणि मी माळ्यावर गेलो. संघप्रिया लग्न होऊन पुण्याला गेली. खाडीकडून खारं वारं येई आणि माझ्या कडांना गंज चढे. वर्षानुवर्षं माझा डबा कुणी उघडला नाही.

या उन्हाळ्यात समाधाननेच मला खाली काढलं. नात मिनल सुट्टीला येणार होती. त्याने शिलाई मशीनच्या तेलाने माझा गंज पुसला. सगळे भाग चालतात ना, हे बघायला एक क्रेन उभी केली. बायको पंचशीला बाजारात गेली होती. त्याने क्रेनच्या हुकाला लसणाचा गड्डा अडकवला, वर उचलला आणि एकटाच हसला. मग नातीला सगळं पहिल्यापासून जोडता यावं, म्हणून तो क्रेन खोलायला बसला. अर्धी खोलून झाली, तोच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून तो परत आला नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, मरणानंतरच्या विधीला, जमलेली माणसं माझ्याकडे बघत राहिली. शेजारच्या चंपाबेन म्हणाल्या, "भाईसाब मोबाइल का टावर बना रहे थे क्या?"

"काय की," पंचशीलाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या मनातलं ह्यांनाच ठाऊक."

संघप्रियाने मला काचेच्या कपाटात ठेवलं. "बाबांनी शेवटचं बनवायला घेतलेलं आहे. कुणी हात लावायचा नाही."

"पण आजोबा तर मला फोनवर बोललेले, खेळायला लवकर ये म्हणून," मिनल कुरकुरली.

"एकदा सांगितलं ना, मिनू? नाही म्हणजे नाही."

मला सगळं ठाऊक होतं. पण घरातल्या माणसांशी बोलायची आम्हा वस्तूंना सोय नाही. काचेमागून मी मिनलकडे बघायचो, मिनल माझ्याकडे.

मग एके दिवशी संघप्रियाने माझा डबा माळ्यावर टाकायला घेतला. तो खुळखुळला, म्हणून तिने झाकण उघडलं. आत सुट्या पट्ट्या होत्या, बोल्ट होते आणि प्रत्येक बोल्टवर त्याचा नट फिरवून बसवलेला होता. ती तिथेच खाली बसली.

"आई, हे तू आवरलंस?"

"मी कशाला हात लावू? होता तस्सा बंद केलाय."

समाधानची एक सवय होती. बनवताना तो नट एका वाटीत ठेवायचा, बोल्ट दुसऱ्या वाटीत. खोलताना मात्र प्रत्येक नट लगेच बोल्टवर चढवायचा, म्हणजे गडगडून पलंगाखाली जात नाही. लहानपणी संघप्रियाच्या हातूनही त्याने तसंच करून घेतलं होतं.

"आई, बाबा हे बनवत नव्हते गं. खोलत होते."

"झालेलं कशाला खोलतील?"

 संघप्रिया दाराआडून डोकावणाऱ्या मिनलकडे बघत राहिली. मग तिने कपाट उघडलं.

एकेक नट सुटत गेला. समाधानने ते चांगले घट्ट आवळले होते. शेवटच्या नटाशी संघप्रियाचा हात थांबला. पाना नुसताच नटावर टेकलेला.

"निघत नाहीये का, आई? मी करू?" मिनलने विचारलं.

"ये. दोघी मिळून करू."

नट सुटला. संघप्रियाने तो त्याच्या बोल्टवर चढवला आणि सगळा डबा मिनलच्या पुढ्यात सरकवला.

मित्रांनो, मला तेलाचा हात लावा, खाऱ्या हवेपासून जपा. पण आठवण म्हणून काचेमागे ठेवू नका. समाधानने आवळलेला एकही नट आता माझ्या अंगावर नाही. त्याने हाती घेतलेलं काम मात्र पुरं झालं आहे.