शेजारी जेवायला आले

आमच्या नाटकमंडळीत कोरियाच्या पार दक्षिणेकडच्या जेजू बेटावरची एकटी बू ग्योंगसुकच. सोलमध्ये राहून तिची बोली आमच्यासारखी झाली होती, पण लिहायला बसली की सगळं बेटावरचंच. या नाटकात तर तिने आपलं गावच आणलं होतं. श्राद्धाची रात्र, आणि घराघरांत एकाच वेळी दिवा. कुणी कुणाकडे जेवायला जात नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरी पान मांडलेलं.

ती तान्ही असताना आपल्याच सरकारच्या सैनिकांनी गावातले पुरुष शाळेच्या मैदानात नेऊन मारले. त्यात तिचा बापही. त्याबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती. आई जन्मभर सांगत आली, "तापाने गेला." एकदा तरी म्हातारीच्या डोळ्यांदेखत खरं रंगमंचावर यावं, यासाठी ग्योंगसुकचा सगळा आटापिटा.

संहिता तपासणारा सरकारी साहेब मोठा गोडबोल्या. "बाई, अख्ख्या गावाचं श्राद्ध एकाच दिवशी? लोक विचारतील ना, त्या दिवशी झालं काय? एकच घर ठेवा. बाकीचे शेजारी म्हणून येऊ देत, जेवू देत. रंगमंचही भरलेला दिसेल."

"आणि नाही बदललं तर?"

"तर प्रयोग नाही. तुमच्या आई अजून गावातच राहतात ना?"

तिने बदललं. मी भडकले. "अगं, मग उरलंच काय त्यात?"

"आई बोटीत बसलीये, ताई. काहीतरी बघू दे तिला."

नाटकातली आई मीच. मी पान मांडलं, शेजारी आले, हसतखेळत जेवले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रयोग संपल्यावर म्हातारी आत आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"पोरी, हे शेजारी जेवायला कसे गं आले?"

"नाटक आहे, आई."

"कळतं मला. पण त्यांच्या घरी कुणी मेलं नव्हतं होय?"

ग्योंगसुक नाटकातली पानं आवरू लागली.

"मी खोटं बोलले ते तू जगावीस म्हणून," म्हातारी म्हणाली. "तू कुणासाठी बोललीस?"

  ग्योंगसुकने लिहिणं तेव्हाच सोडलं.