वर्तुळापलीकडचा द्रष्टा

खेळघराच्या दारापासून शेवटच्या संगणकापर्यंत माणसे दाटीने उभी होती. काही तर खुर्च्यांवर चढली होती, आणि एकालाही स्वस्थ राहवत नव्हते. मध्यभागी, डोळ्यांवर काळी पट्टी आणि कानांवर भलाथोरला हेडफोन लावून, ‘द्रष्टा’ म्हणून गाजलेला संघातला एक खेळाडू बसला होता. पडद्यावर अंतराळयुद्धाचा सराव चालला होता. प्रत्येक नौकेभोवती रडारचे हिरवे वर्तुळ; शत्रू त्याच्या आत शिरेपर्यंत दिसणे अशक्य, अशी सर्वांची ठाम समजूत.

“थांबा... उजवीकडे! तिघे आहेत,” द्रष्टा घोगऱ्या स्वरात म्हणाला. “मला त्यांची स्पंदने जाणवतात.”

काही क्षणांनी उजव्या कडेला तीन लाल ठिपके उमटले.

“अरे बाप रे! डोळे बांधून, बरं का!” एकाने तर हातच जोडले.

मी तेथे भाचीसाठी आलो होतो. संघातील सर्वांत अवजड नौका ती चालवीत असे. वर्षभर तिने त्यासाठी श्रम घेतले होते, आणि अर्ध्या तासावर अंतिम सामना होता. तेवढ्यात द्रष्ट्याने निर्णय दिला, “ही मुलगी अपशकुनी आहे. हिची नौका सोबत असली की शत्रूला आपला सुगावा लागतो. हिला उठवा.”

संघाचा कप्तान एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा, चांगला जाणता माणूस. त्यानेही मान खाली घातली. “ताई, राग मानू नकोस. पण मागच्या तिन्ही सामन्यांत तू पुढे गेलीस आणि आपण दिसलो ना?”

“दिसलो. का दिसलो, ते सांगू?”

“आता वाद नको गं!”

“वाद नाही, एकच प्रयोग. महाराज, पट्टी काढा, खुशाल डोळे उघडे ठेवा. फक्त हेडफोन मला द्या.”

“हे कवच कोलाहलापासून माझे ध्यान राखते!”

“मग कापूस देते की. कोलाहल त्यानेही अडतो.”

हशा पिकला, आता नकार देणे द्रष्ट्याला परवडणारे नव्हते. सराव पुन्हा सुरू झाला. “डावीकडे... दोघे,” तो पुटपुटला. पाच नौका मागून आल्या आणि त्याची नौका जळाली.

भाची हेडफोन चढवून पडद्याकडे पाठ करून बसली. “डावीकडे. एकच आहे. जवळ येतोय.” ठिपका डावीकडेच उमटला.

“अगं, हे कसं?” कप्तान चाचरला.

“शत्रूच्या रडारची लाट आपल्यावर आदळून परत त्याच्याकडे पोचली, तरच आपण त्याला दिसतो. जाता-येता ती क्षीण होते. आपल्याला मात्र ती एकाच फेरीत मिळते, म्हणून तो दिसण्याआधी ऐकू येतो. ज्या बाजूला शत्रू, त्या कानात टिकटिक; जितके शत्रू, तितक्या वेगळ्या टिकटिकी, आणि जवळ आला की मोठ्या.”

“ती टिकटिक? एकमेकांचं बोलणं ऐकू येईना म्हणून आपण सगळ्यांनी बंद केलीय ती!”

“तुम्ही केलीत. या महाराजांनी नाही.”

“आणि तो अपशकुन?”

“दादा, ते वर्तुळ म्हणजे नुसता अंदाज आहे. मध्यम आकाराची नौका किती अंतरावर दिसेल, एवढंच ते सांगतं. माझी नौका चौपट मोठी, त्यात इंजिनं पेटलेली. ती शत्रूच्या वर्तुळाबाहेरूनच दिसणार. तीच इंजिनं विझवून, मिळालेल्या वेगावर सरकत नेली, तर बरीच आत जाऊ शकेल. दर वेळी ‘जोरात घे, जोरात घे’ असं कोण ओरडत होतं?”

“मीच,” कप्तान म्हणाला. द्रष्टा पाण्याच्या निमित्ताने उठला आणि गर्दीने त्याला मुकाट वाट दिली. सामन्याची घोषणा होताच कप्तानाने स्वतः भाचीची खुर्ची पुढे ओढली. “बस, ताई. आणि सगळ्यांनी आवाज चालू करा रे!”

प्राचीन ऋषींना द्रष्टे म्हणताना माझा माथा आजही नमतो. जे त्यांना उमगले, ते त्यांनी शिष्यांना शिकविले. स्वतःला उमगलेले दडवून जो इतरांना भिववतो, त्याला ते नाव शोभत नाही. वाचकहो, अद्भुतापुढे हात जोडण्यापूर्वी एकदा तरी विचारा, हे घडले कसे? आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाच्याही लेकीला तिच्या जागेवरून उठवू नका.