अंबाजीच्या जाळ्यातला शिशाचा मणी

मी शिशाचा मणी बोलतोय. जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीत आम्हाला ओवतात. कितीदा वितळलो आणि कितीदा पुन्हा ओतला गेलो, ते मला आता आठवतही नाही. सारखं सारखं जन्माला येण्याचाही कंटाळा येतो हो.

आधी मी एका गाडीच्या बॅटरीत होतो. श्रीवर्धनकडच्या कोळीवाड्यातल्या अंबाजीने बोर्ली पंचतनच्या भंगारवाल्याकडून मला आणलं. म्हातारा कसबी. विकतचे मणी त्याला पटत नाहीत. मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दारातच चूल पेटवून तो कढईत शिसं वितळवी, साच्यात ओती आणि मग कानशीने घासत बसे. शेजारी नात मृणाल. घासलेली पूड तिच्या बोटांवर, आणि बोटं तोंडात. एक गुळगुळीत मणी त्याने तिला खेळायला दिला, तो मी. दात येताना तिने मला मनसोक्त चघळलं. मला वाटलं, चला, इतक्या जन्मांत कुणीतरी माया केली.

पोर अडीच वर्षांची झाली तरी 'आई' म्हणेना. खापर फुटलं ते सुनेच्या, हेमांगीच्या डोक्यावर.

"मोबाईल दावतेस तिला. मंग पोरगी मुकी व्हनार न्हाय तर काय?" अंबाजी रोज म्हणे.

हेमांगीने मोबाईल कपाटात टाकला, तरी बोलणी चुकली नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी. चोर तर पोरीच्या मुठीत होता.

मग अंगणवाडीत मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर आल्या, कल्पिताताई. त्यांनी मुलांचं रक्त तपासायला नेलं आणि पंधरा दिवसांनी त्या घरीच आल्या. मृणालच्या रक्तात शिसं सापडलं होतं, तेही बरंच. पडवीतली कढई आणि मृणालच्या हातातला मी, दोन्ही बघून त्यांनी आधी मला तिच्या मुठीतून काढून घेतलं.

"बाबा, हे लहान मुलांच्या मेंदूत जातं. बोलणं, शिकणं मागे पडतं."

"आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. मना कुठं काय झालाय?"

"झालंही असेल. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं."

अंबाजीने हातातली कानस खाली ठेवली. "बरी व्हईल ना?"

"आज बंद केलंत तर रक्तातलं हळूहळू उतरेल. पण गेलेलं सगळं भरून येईल, असं मी सांगणार नाही."

हेमांगी तांदूळ निवडत होती. ती चार शब्द बोलली असती तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. तिने ताटातला खडा उचलून बाहेर टाकला.

आता पडवी धुतली आहे, कढई गेली आहे. मला जाळ्यात ओवलंय आणि जाळं होडीवरच असतं. मला लाज वाटते. तुमच्याही घरी माझे भाऊबंद असतील, तर त्यांना चुलीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा. आम्हाला माया लावू नका.

काल जाळं शिवायला म्हणून अंबाजीने मला अंगणापर्यंत आणलं. मृणाल दोन्ही हात वर करून धावत आली. तो मागे सरला.

"थांब बाय, हात धुतो."

हेमांगीने पोरीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने तांब्यातून त्याच्या हातांवर पाणी घातलं. तो साबण चोळत म्हणाला, "सूनबाय, मी तुला उगाच बोललो."

"नखं पण घासा, बाबा."

तो घासत राहिला. आईच्या कडेवरून मृणाल त्याच्याकडे झेपावत होती, आणि तोंडातून अजून एक शब्दही निघत नव्हता.