पट्टीवरची वरची खूण

चढाच्या तिसऱ्या वळणाच्या जरा पुढे इंजिनाने भोकाड पसरलं, पण गाडी जागची हलेना. मग ती मागेच सरकायला लागली. सुनेने कचकन ब्रेक दाबला.

"पडला वाटतं ॲक्सिलरेटरवर पाय जड पुन्हा," शेजारी बसलेली सासू म्हणाली.

सुनेने आरशात पाहिलं. मागे शेजारचे मास्तर बसले होते. त्यांच्या किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा सून त्यांना डायलिसिसला न्यायची. परवा गाडीने अशीच माती खाल्ली आणि त्यांची पाळी चुकली. आज पाय इतके सुजले होते की चपला हातात धरून बसले होते. साडेनऊला पोचलं नाही तर खुर्ची दुसऱ्याला देतात. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"माझी घाई नाही हो," मास्तर म्हणाले. "जगायचंय तेवढं फक्त."

अँब्युलन्सवाल्याने पाऊण तास सांगितला. दोन गाड्या हात करूनही निघून गेल्या. सुनेने ब्रेक सोडत सोडत गाडी वळणावरच्या सपाट जागेत आणली आणि मेकॅनिकला स्पीकरवर फोन लावला.

गाडी सासऱ्यांची, जुनी ऑटोमॅटिक. ते गेल्यापासून तेलपाणी सासू बघायची, रोज सकाळी, पदर खोचून. बॉनेटला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. चारच बुकं शिकले पण गाडीतलं मला कळतं, असं ती चारचौघांत सांगायची. परवाच तिने सुनेला बजावलं होतं, आता गाडी अडली तर किल्ली माझ्या कमरेला.

"सकाळी बरी चालते आणि तापली की चढावर सुटते?" फोनमधून मेकॅनिकने विचारलं.

"हो. गिअर टाकला की आधी नुसती थांबते, मग धक्का देते."

"इंजिन चालू ठेव. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढ, पुसून परत घाल, काढ. काय दिसतंय?"

"लाल आहे. जळका वास नाही. पण साबणासारखा फेस आलाय आणि वरची खूण पार बुडालीय."

"म्हणजे तेल जास्त झालंय, नाहीतर आत काही मोडलंय. मोडलं असेल तर गाडी तसूभर हलवू नकोस, चढावर दगा देईल. मध्ये कुणी तेल घातलं का?"

"मी तर हात लावत नाही," सून म्हणाली. तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वरची खूण तापलेल्या तेलाची असते," मेकॅनिक सांगत होता. "गार गाडीत तिथवर भरलं तर तापल्यावर फुगून वर येतं, फेसाळतं. मग गिअर धरत नाही."

सासूला आठवलं. नवरा पट्टी संध्याकाळी बघायचा, गाडी फिरून आल्यावर. तिला तो आळस वाटायचा. ती पहाटेच बघायची आणि तेल वरच्या खुणेला टेकवायची. महिन्याभरात तेलाचा डबा तळाला गेला होता.

नऊ बारा. आरशात मास्तरांचा धाप लागलेला चेहरा दिसला.

सासू उतरली. डिकीतली चटई उचलून तिने डबा, रबरी नळी आणि मोठी सिरिंज बाहेर काढली.

"मी घातलं," ती फोनकडे बघत म्हणाली. "रोज. गार गाडीत."

मेकॅनिक म्हणाला, "काकू, वाचवलंत, म्हणजे आत मोडलं काही नाही. आता इंजिन बंद करून अर्धा लिटर काढा. मग चालू करून पट्टी बघा."

मास्तरांनी पाण्याची बाटली रिकामी करून पुढे केली. गरम तेलाने सासूची बोटं पोळत होती.

"द्या इकडे, भाजतंय तुम्हाला," सून म्हणाली.

"घातलं मी, काढीनही मीच. तू घड्याळ बघ."

बाटली भरली. इंजिन चालू करून पाहिलं, तेल पट्टीवरच्या खुणेच्या आत आलं. सुनेने गिअर टाकला. एक क्षण काहीच नाही. मग गाडीने अलगद ओढ घेतली. चौथं वळण, पाचवं. इंजिनाचा आवाज जरा चढला की सासूची मूठ आवळायची.

नऊ अठ्ठावीसला दवाखान्याच्या दारातून नर्स दुसरं नाव पुकारत होती. सुनेने मास्तरांच्या काखेत हात घातला आणि जवळजवळ उचलूनच त्यांना आत नेलं.

ती परतली तेव्हा सासू तेलाची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

"मिळाली खुर्ची," सून म्हणाली.

सासूने मान हलवली. मग सिरिंज सुनेच्या पुढ्यात ठेवली.

"पाय जड नाही तुझा. किल्ली राहू दे तुझ्याकडे. तेलही तूच बघ."

"बघते. गाडी तापल्यावर."

"ते मला नको शिकवूस," सासू म्हणाली आणि पोळलेली बोटं पदरात लपवली.