काळ्या जमिनीतली रानतूर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. खरं तर मी जोडी आहे: सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळीदार चौकटी आणि त्यांना आवळणारे दोन चामडी पट्टे. रानातली डहाळी वर्तमानपत्रात पसरून माझ्या पोटात ठेवायची, पट्टे आवळायचे आणि रोज कागद बदलायचे. आठ-दहा दिवसांत ती अशी सपाट वाळते की पुढं कित्येक वर्षं तिची पानं मोजता येतात. आदिलाबादच्या देवाजी सुताराने मला घडवलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, बाईंना कुरडया वाळवायच्या असतील!

त्या बाई म्हणजे चारुशीलाबाई. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. एकोणीसशे पंचाहत्तर साली त्यांना एका प्रश्नाने झपाटलं. पळस मोठं झाड, गुंज नाजूक वेल, तरवड झुडूप. दिसायला किती निराळी, पण तिघांनाही शेंगा येतात, तिघं एकाच कुळातली. मग आपल्या जिल्ह्यात या कुळातलं कोण कोण राहतं, आणि कुठं?

सुट्टीच्या दिवशी बाई मला पाठीला बांधून बसने निघत. इंद्रवेल्लीच्या जंगलात माहुलाचा वेल मिळाला. त्याचं पान ताटाएवढं, माझ्यात मावेना. शेवटी दुमडावं लागलं. खाजकुइलीची शेंग हाताळली त्या दिवशी आग शमावी म्हणून बाई कोपरापर्यंत शेण चोळून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या भिंतीवरच्या नकाशात लाल शाईचा ठिपका देत. तीन वर्षांत चौऱ्याऐंशी जाती माझ्या पोटातून गेल्या.

यादी टाइप झाली. जानेवारीत हैदराबादला अभ्यासकांच्या सभेत ती वाचायची होती. तिच्यात एक ओळ होती: ‘रानतूर डोंगराळ, मुरमाड जमिनीत वाढते, काळ्या जमिनीत आढळत नाही.’ रानतूर म्हणजे आपल्या तुरीची रानातली बहीण. तीन-तीन पानं, पिवळी फुलं, बोटाच्या पेराएवढी लवदार शेंग. नकाशात डोंगरांवर तिचे ठिपके दाट होते आणि तलमडुगुकडचा सगळा काळ्या जमिनीचा पट्टा कोरा. बाईंना त्या ओळीचा फार अभिमान होता.

दिवाळीनंतर बाई तलमडुगुला गेल्या, त्या दुसऱ्याच एका झुडपासाठी. बांधावर वाकून शोधत होत्या. शेजारी मनकर्णाबाई कापूस वेचत होती. तिनं कमरेची ओटी सावरत विचारलं, "बाई, कवापासून काय हुडकून राह्यल्या?"

बाईंनी सांगितलं आणि सहज म्हणाल्या, "रानतूर मात्र तुमच्याकडं होत नाही."

मनकर्णाबाई हसली. "काऊन होत नाही? हाय ना! तुमी वरवर पाहून राह्यल्या. बोरीच्या जाळीत हात घाला."

बाईंनी हात घातला. काट्यांनी मनगट ओरबाडलं, पण बोटांना लवदार शेंग लागली. बाहेर आली ती रानतूरच!

"शेतातली नांगरानं जाते," मनकर्णाबाई म्हणाली. "बांधावरची शेळ्या ठेवतीन का? लई गोड लागते त्याह्यले. शेळीचं तोंड जिथं पोचत नाही, तिथंच थे जगते."

दुपारच्या सुट्टीत दोघींनी अकरा जाळ्या पाहिल्या. नऊ जाळ्यांत रानतूर होती. परतताना बसमध्ये बाईंनी मला पाठीवरून उतरवलं. मी मांडीवर होते. त्यांची बोटं माझा पट्टा सोडत होती, पुन्हा लावत होती.

कॉलेजातले चिंतामणी सर म्हणाले, "एका ओळीनं काय होतं? आता राहू द्या. कोणाला कळणार आहे?"

"पण ती खोटी आहे," बाई म्हणाल्या आणि ते पान पुन्हा टाइप करायला बसल्या.

सभेला त्यांनी मलाही नेलं. यादी वाचता वाचता बाई रानतुरीच्या ओळीशी थांबल्या. "ही ओळ मी चुकीची लिहिली होती," त्या म्हणाल्या. "तलमडुगुच्या मनकर्णाबाईंनी ती दुरुस्त केली." मग त्यांनी शेळ्यांची आणि बोरीच्या जाळ्यांची हकीकत सांगितली.

पहिल्या रांगेतल्या वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं, "त्या कुठल्या कॉलेजात असतात?"

"त्या कापूस वेचतात."

मागं कोणीतरी हसलं. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं. "ती शेळ्यांची गोष्ट पुन्हा सांगा. सावकाश."

पुढच्या रविवारी बाई वाळलेली रानतूर घेऊन तलमडुगुला गेल्या. मनकर्णाबाईने ती न्याहाळली. खालच्या चिठ्ठीवर तिचं नाव आहे, हे बाईंनी वाचून दाखवलं.

"माहं नाव काऊन लिवलं?"

"कुठं सापडली, कोणी दाखवली, हे नसेल तर हा नुसता पाला."

मनकर्णाबाईने चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग नाल्याकाठची पांढरी गुंज तुमच्यापाशी हाय काय?"

बाईंकडं नव्हती. दोघी लगेच उठल्या.

मित्रांनो, बाई निवृत्त झाल्या आणि मी सामानाच्या खोलीत पडले. एक पट्टा उंदरांनी कुरतडला. वर तुटक्या खुर्च्या रचल्या आहेत. त्याचं मला फार वाटत नाही. सुतार नवी चौकट करील. पण रानात गेलात तर एकच डहाळी घ्या, पिकलेली शेंग तिथंच फुटू द्या, आणि ‘इथं काही नाही’ असं लिहिण्याआधी शेजारच्या शेतात कोण काम करतंय, त्यांना विचारून या.