व्हायचा राहिलेला बर्फ

बसमावशीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगतो. साथ ओसरेपर्यंत दर महिन्याचं धान्य आणि सासूबाईंची दम्याची औषधं. देणार होतं सरकार, घेणार होती मावशी, आणि मधे आडवा आलो तो मी. मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. रंगाने पांढरा, पण त्या दिवसापासून तोंड काळं झालंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. एका डॉक्टरीणबाईंकडे मी पुष्कळ वर्षं राबलो. उन्हातून आलेला प्रत्येक जण आधी माझं दार उघडायचा, मग घरच्यांची विचारपूस करायचा. पुढे दोन दारांचा नवा आला आणि माझी रवानगी बसमावशीच्या खोलीत झाली. ती शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायची-उतरवायची. वर्षभरातच माझं यंत्र बसलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "मावशी, दुरुस्तीच्या पैशांत दुसरा येईल." मावशीने माझ्यात पांघरुणं कोंबली, प्लग भिंतीत तसाच ठेवला आणि कुणापाशी ब्र काढला नाही.

शेजारची शिंपीण विचारायची, "वहिनी, बर्फ आहे का हो?"

"आत्ताच लावलाय, व्हायचाय अजून."

तीन उन्हाळे गेले, तो बर्फ व्हायचाच होता. मीही मनात खूश. फुकटचा मान कुणाला नको असतो?

मग साथ आली. शाळा बंद, बस बंद, पगार बंद. सरकारी मदत जाहीर झाली आणि पाहणीला माणूस येणार असं कळलं. आता मावशीची अक्कल बघा! पाहुण्यासमोर घर नीटनेटकं दिसावं म्हणून तिने मलाच घासूनपुसून लख्ख केलं, डोक्यावर विणलेला रुमाल घातला. माझं दार सैल, आपोआप उघडायचं. म्हणून फटीत कागदाची घडी दाबली.

पाहणीवाला मास्क लावून उंबऱ्याबाहेरच थांबला. साथीमुळे कुणाच्या घरात पाऊल टाकायची त्याला मनाई होती.

"ताई, फ्रिज चालतो का? चालू असेल तर मदत नियमात बसत नाही. बंद असेल तर सांगा, तसं लिहितो."

शिंपीण आपल्या दारात उभी होती, कान इकडे. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"चालतो की! न चालायला काय झालं?"

खाटेवर सासूबाई नुसत्या खोकल्या.

मित्रांनो, एरवी वाऱ्यानेही उघडणारं माझं दार. त्या क्षणी उघडलं असतं तर सगळं निभावलं असतं. कागदाची घडी काही फार घट्ट नव्हती. पण शिंपिणीसमोर मलाही फ्रिजच राहायचं होतं.

धान्य आलं नाही. सासूबाईंचं औषध एक दिवसाआड झालं. ताट पुढे आलं की त्या म्हणायच्या, "मला हल्ली भूकच नसते गं. तू खा."

एका भर दुपारी शिंपीण धावत आली. "वहिनी, आमचा फ्रिज बंद पडलाय. यांचं इन्सुलिन तुमच्यात ठेवा, नाहीतर या उन्हात वाया जाईल."

औषधाला 'व्हायचंय' म्हणून चालत नाही. मावशीने कागद ओढला, आणि पांघरुणं शिंपिणीच्या पायांवर लोळली.

"अगंबाई! मग त्या माणसाला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही होतात ना दारात."

शिंपिणीने पायांवरची पांघरुणं उचलून खाटेवर ठेवली. इन्सुलिन तिने औषधाच्या दुकानात ठेवलं आणि मावशीला हाताला धरून कचेरीत नेलं. मदतीच्या यादीत नाव लागलं, पण पुढच्या महिन्यापासून. मागचं मिळत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जरूर जपा, पण तिच्याआड उपास लपवू नका. आणि कुणाची नड विचारायची वेळ तुमच्यावर आली, तर शेजारच्यांचे कान टाळून, हळू आवाजात विचारा.

आता हिशेब. सरकारचं धान्य वाचलं. मावशीची अब्रू तेवढे दिवस टिकली. माझ्या डोक्यावर रुमाल अजून आहे. या सगळ्याचे पैसे भरले सासूबाईंनी, भूक नाही म्हणत.