नमुन्याची तबकडी

मेम्फिसच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून व्हर्लीनच्या घशाला कोरड पडलेली असायची. सुटी झाली की ती तशीच क्लिओफसकडे जाई. तो गाणी रचायचा, ती म्हणायची, आणि रेकॉर्ड कंपनीला ऐकवण्यासाठी त्याच्या यंत्रावर नमुन्याची तबकडी कोरली जायची. कंपनीला गाणं आवडलं की ते कुणीतरी नावाजलेला गायक म्हणे. पण या वेळी क्लिओफसने शब्द दिला होता, "हे तूच म्हणायचंस. तबकडीवर तुझंच नाव छापून येईल." तिला तेवढंच हवं होतं.

तबकडी कोरताना मागे फिरता येत नाही. 'दार उघडं आहे' या ओळीत 'दार' म्हणताच तिचा घसा अडला. आवाज क्षणभर तुटला आणि मग एकदम वर उसळला.

"चुकलं रे. पुन्हा घेऊ."

"कोरी तबकडी आहे कुठे? मालकाला चाल ऐकायचीय, तुझा घसा नाही."

कंपनीचे मालक मिस्टर हॅस्किट यांना चाल आवडली. पण गोऱ्यांच्या रेडिओवर काळी बाई वाजणार नव्हती. गाणं वेंडल क्रॉ नावाच्या गोऱ्या तरुणाकडे गेलं. क्लिओफसला तोंड दाखवायला जड गेलं असावं; तो डेट्रॉइटला निघून गेला. पुढच्याच आठवड्यात व्हर्लीनला स्टुडिओत बोलावणं आलं.

खोलीत मधोमध एकच माइक होता. ढोलवाला फार जोरात वाजवायचा म्हणून त्याला बाहेर बोळात बसवलं होतं. सगळे एकदमच वाजवत, त्यामुळे एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

"बाई, 'दार'नंतरचं ते कसं करता तुम्ही?" वेंडलने विचारलं. "तबकडी झिजवली मी, पण जमत नाही."

काळ्या बाईला 'तुम्ही' म्हटलेलं ऐकून हॅस्किटनी भुवई उंचावली.

ती चूक आहे, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी ती काढून टाकली असती, आणि गाण्यात तिचं काहीच उरलं नसतं.

"पाणी पिऊ नका," ती म्हणाली. "शब्दाआधी श्वास घेऊ नका. शब्द संपत आला की घ्या."

बराच वेळ फिसकटत राहिलं. मग एकदा जमलं. बोळातून ढोलवाला ओरडला, "आत्ता कुठे रश्श्याला चव आली!"

"छान. जा आता तू, व्हर्लीन," हॅस्किट म्हणाले. "मागच्या दाराने."

उन्हाळाभर ते गाणं प्रत्येक खिडकीतून ऐकू येत होतं. लाँड्रीतल्या मुली वाफेत उभ्या राहून तसाच आवाज तोडायच्या.

"ते माझं आहे," एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

शेजारच्या टेबलावरची यूला हसत सुटली. "हो तर! आणि त्या क्रॉची ती लांबलचक मोटार माझी आहे. संध्याकाळी सोडते हं तुला घरी!"

व्हर्लीननेही हसून चादरीची घडी घातली.

पानगळ सुरू झाली तेव्हा ती मिस्टर ड्युप्रीकडे गेली. त्यांची कंपनी लहान होती, पण आपल्याच, काळ्या लोकांची. तिथे तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. ड्युप्री डोळे मिटून ऐकत होते. मध्येच तिचा आवाज तसाच तुटला, आणि त्यांनी हात वर केला.

"आवाज उत्तम आहे, बाई. पण त्या क्रॉची नक्कल कोण विकत घेणार?"

ते मुळात तिचंच होतं, हे सांगायला कुणी येणार नव्हतं. क्लिओफसचा पत्ता तिच्याकडे नव्हता, तबकडी हॅस्किटकडे होती.

"दुसरं म्हणू? चर्चमधलं?"

"म्हणा."

तिने जपून सुरुवात केली. श्वास वेळेवर घेतला, घसा मोकळा ठेवला. पहिलं कडवं स्वच्छ गेलं. दुसऱ्यात स्वर वर चढला, आणि आवाज तुटून उसळला. पियानोवाल्याने मान खाली घालून हसू लपवलं.

"बघा, अंगात मुरलंय," ड्युप्री समजुतीने म्हणाले. "रेडिओ जरा कमी ऐकत जा."

"माझ्याकडे रेडिओ नाही," व्हर्लीन म्हणाली.

त्यांना ती थट्टा वाटली. ते मनापासून हसले, तिला टोपी आणून दिली आणि बाहेर थांबलेल्या मुलीला आत बोलावलं.